त्रैराशिक आणि गोंधळ

भिवंडी शहरात रात्र ही दिवसाहून केवळ उजेडाच्या अभावाने ओळखू येते, आवाजाच्या अभावाने नव्हे. वीज आहे तोवर यंत्रमाग चालतात, आणि माग चालतो तोवर धोट्याचा खटका या भिंतीतून त्या भिंतीत, या गल्लीतून त्या गल्लीत जात राहतो. परगावाहून आलेल्या पाहुण्यास तो सारा एकच अखंड गडगडाट वाटतो व पहिल्या रात्री त्याचा डोळ्यास डोळा लागत नाही. परंतु ज्याचे बालपण या खटक्यांत गेले त्याच्या कानास त्यातले माग वेगवेगळे ऐकू येतात, आणि कधीमधी अंथरुणावर पडल्या पडल्या असे ध्यानात येते की शेजारच्या दोन मागांचे खटके हळूहळू जवळ येत आहेत, काही क्षण ते एकावर एक पडतात, जणू एकच माग चालला आहे, आणि मग तितक्याच सावकाश ते एकमेकांपासून दुरावतात. लहानपणी मला ती त्या दोघांची मैत्री व मागाहून त्यांचे भांडण वाटे. पुढे भौतिकशास्त्र शिकलो तेव्हा कळले की तेथे मैत्रीही नाही आणि भांडणही नाही. दोघांच्या वेगांत किंचित अंतर असले म्हणजे असे व्हावयाचेच, एकास दुसऱ्याची वार्ताही नसते. खरी मैत्री व्हावयाची तर एकाचा कंप दुसऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. १६६५ साली ख्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारी होऊन खोलीत पडला असता एकाच आधारावर टांगलेल्या आपल्या दोन लंबकाच्या घड्याळांत ती त्याने पाहिली: कशीही सुरू केली तरी अर्ध्याएक तासात दोन्ही लंबक परस्परविरुद्ध दिशांनी, पण अचूक एकाच तालात झुलू लागत. आधारातून जाणारा अतिसूक्ष्म कंप एवढाच त्यांचा परस्परांशी पत्रव्यवहार होता.

अशा पत्रव्यवहाराचा विचार ज्या शास्त्रात होतो त्यास अरेषीय गतिशास्त्र असे जड नाव पडले आहे. नाव जड असले तरी त्याचा मथितार्थ आपल्या जुन्या पंतोजींच्या भाषेत एका वाक्यात सांगता येतो: जेथे त्रैराशिक चालत नाही तेथले हे शास्त्र. पाच मणांस दहा रुपये तर पंधरा मणांस किती, या हिशेबावर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पेठा चालल्या, मामलेदार कचेऱ्यांची दप्तरे चालली, आणि खरे पाहता न्यूटनोत्तर भौतिकशास्त्राचा बराचसा संसारही चालला. कारण दुप्पट झाले की कार्य दुप्पट व्हावे, दोन कारणे एकत्र आली की त्यांच्या कार्यांची बेरीज व्हावी, हाच त्यातला मुख्य दंडक. पण शेतात खत दुप्पट घातले म्हणून पीक दुप्पट येत नाही, प्रमाणाबाहेर ते जळून जाते. आणि तळ्यातले मासे वाढले की त्यांच्या वाढीनेच त्यांचे अन्न कमी होऊन त्यांची वाढ खुंटते. कार्य उलट फिरून कारणाचा हात धरते, तेथे त्रैराशिक संपते. या शास्त्राचा उदय जगात कसा झाला हे अनेकांनी लिहिले आहे. तो आपल्या या मराठी मुलखात, त्यातही मुंबईहून नाशिक व पुण्याकडे फुटणाऱ्या रेल्वेच्या दोन फाट्यांच्या आसपास, कोणत्या माणसांच्या हातून व कोणत्या परिस्थितीत रुजला, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ करावयाचा तर तो एका शाळामास्तरापासून करावा लागतो, आणि हा गृहस्थ भौतिकशास्त्रज्ञ मुळीच नव्हता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या काळी आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. वडील कारकून, आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद. आई आठव्या वर्षीच गेली. ज्योतिष खरे की खोटे हा प्रश्न बाजूस ठेवला तरी कुंडल्या मांडणाऱ्याच्या घरात आकड्यांची ये-जा दिवसभर चाले एवढे खरे, आणि त्या आकड्यांतला भविष्याचा भाग वडिलांकडे राहून नुसते आकडे मुलाकडे आले. माध्यमिक शिक्षण ठाण्यास व पुढील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळाली या छावणीच्या गावी त्यांनी शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, मार्गदर्शक नाही. परिषदांना ते पदरमोड करून जात, आपल्या पुस्तिका स्वतःच छापवीत, आणि ज्यांना मोठमोठे सिद्धान्त ठाऊक होते असे पुष्कळ विद्वान त्यांच्या या संख्याक्रीडेकडे पाहून हसत. हसणारांचा अगदीच दोष होता असे म्हणवत नाही. कारण कापरेकर सिद्ध करण्यापेक्षा शोधण्यात अधिक रमत, आणि गणितात सिद्धतेवाचून शोध म्हणजे सनदेवाचून इनाम.

पण त्यांचा तो एक शोध पाहा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे, आणि मोठीतून लहान वजा करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. त्याच रीतीने ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर ७६४१ उणे १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. दुसरी कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही याच उंबरठ्यावर येऊन उभे राहता, आणि एकदा आलात की सुटका नाही. कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली आणि १९५५ मध्ये ती ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जगाने तिची दखल घेतली ती बरीच मागाहून, १९७५ च्या मार्चमध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या गणितरंजनाच्या सदरात कापरेकरांवर लिहिले तेव्हा; तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते, पत्नी १९६६ मध्येच निवर्तली होती, आणि अपुऱ्या पेन्शनला जोड म्हणून ते शिकवण्या करीत होते.

गार्डनर यांच्या वाचकांनी ही गंमत म्हणून घेतली, आणि आपल्याकडेही ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणजे एक चमत्कार अशीच तिची प्रसिद्धी झाली. मला मात्र तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. एक नियम घ्यावयाचा, त्याचे उत्तर पुन्हा त्याच नियमाच्या तोंडी घालावयाचे, आणि हे करीत राहिले असता शेवटी काय होते ते पाहावयाचे, ही अरेषीय गतिशास्त्राची मूळ रीत होय. अनेक दिशांनी निघालेले प्रवासी जेथे येऊन थांबतात त्या स्थळास हे शास्त्र आकर्षी म्हणते, आणि ज्या ज्या ठिकाणांहून निघाले असता तेथे पोहोचता येते त्या साऱ्या मुलखास त्या आकर्षीचे पाणलोट क्षेत्र मानते. ६१७४ हा असा आकर्षी आहे. दोन अंकी संख्यांत प्रकार बदलतो: तेथे थांबण्याचे ठिकाणच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि फिरून ९ असे रहाटगाडगे चालते, म्हणजे आकर्षी एक बिंदू नसून एक फेरा आहे. देवळालीच्या मास्तरांनी ही भाषा वापरली नाही, त्यांना ती ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, कारण ती तेव्हा घडावयाची होती. पण फळ्यावर खडूने जे ते मांडीत होते ते तेच होते.

आणखी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आमच्या शेजारची आहे. कापरेकरांनी १६५, १६६५, १६६६५ अशा, पहिल्या व शेवटच्या अंकांच्या बेरजेचा अंक मध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या, संख्यांच्या एका जातीस ‘डेम्लो’ असे नाव दिले. हे नाव कोणा ग्रीक आचार्याचे असावे असे वाटते, पण ते एका रेल्वे स्थानकाचे आहे: त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून तीस मैलांवरचे स्थानक, जेथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, आणि ज्यास आपण आज डोंबिवली म्हणतो. दुसऱ्या एका जातीस, म्हणजे जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही तीस, ते स्वयंभू म्हणत आणि देवळाली संख्याही म्हणत. १५ मध्ये एक आणि पाच मिळवले की २१ होतात म्हणून २१ स्वयंभू नव्हे, २० मात्र स्वयंभू. ज्या माणसास संख्यांना डोंबिवली व देवळालीची नावे द्यावीशी वाटली त्याला गणित हे कोठे दूर केंब्रिजात घडते असे वाटत नसले पाहिजे.

१९४९ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ पासून उभी होती. १९५६ मध्ये तुर्भ्यास ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. भौतिकशास्त्र म्हणजे राष्ट्राच्या सामर्थ्याचे शास्त्र, त्यास मोठी यंत्रे लागतात, तारांची कुंपणे लागतात, असा त्या दोन दशकांचा एकंदर समज होता आणि तो निराधारही नव्हता. त्या वैभवात सरळसोट प्रश्न आपोआप श्रेष्ठ ठरले. ज्यांची समीकरणे सुटत नाहीत ते प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात जात आणि परीक्षेस ते प्रकरण नसे.

बाहेरच्या जगात त्या शेवटच्या प्रकरणाचे काय चालले होते ते थोडक्यात सांगतो. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ठेवलेले पारितोषिक १८८९ साली आंरी पॉइन्कारे या फ्रेंच गणितज्ञास मिळाले. पण निबंध छापून होत असता त्यात एक गंभीर चूक सापडली, छापलेल्या प्रती परत घ्याव्या लागल्या, आणि नवी आवृत्ती छापण्याचा खर्च पॉइन्कारे यांस पारितोषिकाच्या रकमेहून अधिक आला. ती चूक दुरुस्त करतानाच तीन खगोलांच्या परस्पर आकर्षणातून उद्भवणारी विलक्षण गुंतागुंत त्यांना प्रथम दिसली. त्यानंतर सुमारे ७० वर्षांनी, १९६१ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी आपल्या संगणकास ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरवला, कॉफी घेऊन परत येतात तो त्यांचे कागदावरचे हवामान पार निराळ्याच वाटेने गेलेले. दशसहस्रांशाहूनही थोडा अधिक एवढाच तो फरक. १९६३ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि जवळजवळ दशकभर तो हवामानशास्त्राच्या नियतकालिकात स्वस्थ पडून राहिला. १९७६ मध्ये रॉबर्ट मे यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की कीटकांच्या संख्येचे एक अत्यंत साधे समीकरण, ज्यास दोन गुणाकार व एक वजाबाकी पुरते, त्यातला वृद्धीचा दर तीनच्या आत असेतो संख्या स्थिर करते, तीनपुढे दोन आकड्यांत आळीपाळीने फिरवते, मग चार, मग आठ, आणि ३.५७ च्या सुमारास सारे ताळतंत्र सोडते. मिचेल फायगेनबाउम यांनी हातात मावणाऱ्या गणकयंत्रावर या दुपटींच्या मधली अंतरे मोजली आणि ती ४.६६९२ या एकाच प्रमाणात आटत जातात, मग या जातीचे समीकरण कोणतेही असो, असे त्यांच्या ध्यानात आले. लक्षात घ्या, हातात मावणाऱ्या गणकयंत्रावर. मे यांनी तर आपल्या लेखात आग्रहच धरला की हे समीकरण विद्यार्थ्यांना लवकर, उच्च गणिताची वाट न पाहता, दाखवावे.

या अवस्थेस इंग्रजीत ‘केऑस’ म्हटले गेले आणि मराठीत तिचे नाव काय ठेवावे यावर खल झाला. कोणी कोलाहल म्हणाले, कोणी अनागोंदी, कोणी अव्यवस्था. मला विचाराल तर ‘गोंधळ’ याहून चांगला शब्द नाही, आणि तो त्याच्या पहिल्या अर्थाने नव्हे तर दुसऱ्या अर्थाने. अंबाबाईचा गोंधळ ज्याने रात्रभर बसून पाहिला आहे त्यास ठाऊक आहे की तेथे चौक कसा भरावा, कलश कोठे मांडावा, दिवटी केव्हा पेटवावी, कोणकोणत्या दैवतांस आवाहन करावे, आख्यान केव्हा लावावे, आरती केव्हा करावी, हे सारे ठरलेले असते; गोंधळी नियमास रेसभर सोडत नाही. दारावरून जाणाऱ्यास मात्र संबळाचा व तुणतुण्याचा कल्लोळ तेवढा ऐकू येतो. लोरेन्झ यांचे हवामान नेमके असेच आहे: आत नियम काटेकोर, बाहेर कल्लोळ. अनागोंदीत नियमच नसतो, म्हणून तो शब्द येथे चुकीचा.

१९८० नंतरच्या दशकात पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात हा गोंधळ मांडला गेला. अमृतकर, अनिल गांगल, नीलिमा गुप्ते ही तेथली मंडळी गोंधळी आकर्षींच्या मितींवर लिहू लागली, आणि त्यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली. विषयाची निवड परिस्थितीस धरूनच होती असे मला वाटते; येथे त्वरकयंत्र लागत नव्हते, परदेशी चलनाचा परवाना लागत नव्हता, फळा, कागद, बऱ्यापैकी संगणक आणि वेळ एवढ्यावर जगाच्या बरोबरीने चालता येत होते. १९९१ साली अमृतकर, प्रशांत गाडे, गांगल व त्यांचे एक सहकारी यांनी ‘युग्मित प्रतिचित्रणांच्या जाळी’वर एक निबंध लिहिला. हे शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. भिवंडीकरास तर नाहीच. एका खात्यात ओळीने शंभर माग लावले आहेत अशी कल्पना करा, प्रत्येक माग आपल्या मनाने, मे यांच्या समीकरणाप्रमाणे, लहरी चालतो आहे, आणि शिवाय प्रत्येकास दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा थोडा थोडा धक्का बसतो आहे. सारे माग कधी एका तालावर येतील काय, आणि आले तर एखाद्या लहानशा ठेचेने तो ताल मोडेल की टिकेल? ताल टिकण्याच्या अटी कोणत्या हे त्यांनी काढून दाखवले. गाडे पुढे नागपूर विद्यापीठात गेले व तेथे या विषयाचे काम चालू राहिले.

त्याच विभागातले दुसरे काम अधिक खोल, आणि माझ्या आवडीचे. १६९५ साली लाइब्निझ यांनी लोपिताल यांस लिहिलेल्या पत्रात एक विक्षिप्त प्रश्न येतो: विकलन, म्हणजे बदलाचा दर काढणे, एकदा करता येते, दोनदा करता येते, तर अर्ध्यांदा केले तर काय होईल? अडीचशेहून अधिक वर्षे गणितज्ञ या अर्ध्या विकलनाशी खेळले, पण त्याचा निसर्गातल्या कोणत्या आकृतीशी संबंध आहे हे स्पष्ट नव्हते. दुसरीकडे १८७२ मध्ये वायरश्ट्रास यांनी अशी एक रेषा मांडली होती की ती कोठेही तुटत नाही, पण तिला कोठेही स्पर्शिका काढता येत नाही. जेथे पाहावे तेथे कंगोरे, आणि कंगोऱ्यांना कंगोरे. १९९६ साली ‘केऑस’ याच नावाच्या नियतकालिकात किरण कोलवणकर आणि गांगल यांनी या दोन गोष्टींची गाठ घातली. त्यांनी विकलन एका बिंदूपुरते, स्थानिक, असे नव्याने बांधले आणि दाखवले की वायरश्ट्रास यांच्या रेषेचे पूर्ण विकलन जरी होत नसले तरी अपूर्णांकी होते, आणि ते कोठवर होते ती मर्यादा रेषेच्या खडबडीतपणावरून ठरते. हा खडबडीतपणा मोजणारी रेषेची मिती १.३ असेल तर ०.७ पर्यंत विकलन साधेल, मिती १.५ असेल तर अर्ध्यापर्यंत. मिती दोनातून वजा करावी, राहील ती मर्यादा. लाइब्निझ यांच्या प्रश्नास तीनशे एक वर्षांनी पुण्याहून गेलेले हे उत्तर, निदान त्यातला एक अंश.

कंगोऱ्यांना कंगोरे असलेली रेषा हे केवळ गणितज्ञाचे लहरी अपत्य नव्हे, हे बनुआ मॅन्डेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरून १९६७ मध्ये दाखवले होते; पण आपण इतक्या दूर कशाला जावे? महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असे आम्ही शाळेत घोकले. सरकारी दप्तरात तो सुमारे ६५३ किलोमीटर होता, आणि अलीकडे गृह मंत्रालयाने नवी पैमाश करवली तेव्हा तो ८७८ च्या घरात गेला. साऱ्या भारताचा ७,५१६ वरून ११,०९८ वर. समुद्राने जमीन दिली नाही आणि नेलीही नाही. जुना आकडा १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरचा होता, नवा १:२,५०,००० प्रमाणाचा. नकाशा बारीक झाला तशा वसईच्या, धरमतरच्या, जयगडच्या खाड्यांची वळणे मोजदादीत आली. भिवंडी हे एके काळचे बंदर. आमच्या खाडीचे एकेक वळण वाढत्या बारकाईने मोजू लागलो तर हा आकडा कोठे थांबेल याची ग्वाही कोणताही तहसीलदार देऊ शकणार नाही.

विकलनाच्या त्या कामात १९९८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये कोलवणकर व गांगल यांनी आणखी एक पाऊल टाकले. ज्यांनी भिवंडीत भारनियमनाचे दिवस काढले त्यांस ते समजावून सांगणे सोपे आहे. दिवसाचे तीन भाग करा आणि मधल्या भागात वीज तोडा. उरलेल्या दोन भागांचे पुन्हा तीन तीन करा आणि प्रत्येकाचा मधला तोडा. असे अनंत वेळा करा. शेवटी वीज असलेला एकूण वेळ शून्य भरतो, तरी वीज असलेले क्षण अगणित उरतात. यास कँटर यांचा संच म्हणतात. आता अशा क्षणांतच माग चालला, आणि तरी संध्याकाळी तागा विणून झालेला असला, तर कापडाच्या वाढीचा वेग कोणता म्हणावा? नेहमीचे विकलन येथे हात टेकते, कारण बहुतेक प्रत्येक क्षणी ते शून्य सांगते. कोलवणकर व गांगल यांच्या स्थानिक अपूर्णांकी विकलनाने अशा, अधूनमधून व विचित्र क्षणांत होणाऱ्या विसरणाचे समीकरण लिहिता आले. पुढे कोलवणकर घाटकोपरच्या रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि तेथूनही संशोधननिबंध लिहीत राहिले. महाविद्यालयाचे तास, उपस्थितीपट, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस या वाक्यातील ‘तेथूनही’ या शब्दाचे वजन सांगावयास नको.

तो १९९६ चा निबंध निघाला तेव्हा पुणे विद्यापीठाचे कुलगुरू वसंत गोवारीकर होते, आणि त्यांच्या नावावर या शास्त्राचा एक सार्वजनिक जय व एक सार्वजनिक पराजय दोन्ही लागून आहेत. अंतराळ संशोधनातून केंद्राच्या विज्ञान विभागाच्या सचिवपदी आल्यावर १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने मोसमी पावसाच्या भाकिताचे १६ घटकांचे प्रतिमान सिद्ध झाले. समुद्राचे तापमान, वाऱ्यांची दिशा, बर्फाचे आच्छादन असे १६ साक्षीदार बोलावून, त्यांच्या जबान्या साध्या बेरजेने नव्हे तर घातांकांनी जोडून, पाऊस किती येईल ते सांगणारे हे प्रतिमान १३-१४ वर्षे बहुधा खरे बोलले. आणेवारी, तगाई, सारा-तहकुबी यांवर ज्यांचे जिणे टांगलेले त्या शेतकऱ्यांच्या चावडीवर ‘गोवारीकर मॉडेल’ हा शब्द ऐकू येऊ लागला, असे भाग्य क्वचितच एखाद्या समीकरणास लाभले असेल. मग २००२ आले. भाकीत सर्वसाधारण पावसाचे होते. जुलै कोरडा गेला आणि मोसमाअखेर देशाचा पाऊस १९ टक्क्यांनी कमी भरला. पुढल्या वर्षी खात्याने प्रतिमान बदलले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून गोवारीकरांची जी थट्टा झाली ती मला अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. ज्या शास्त्राचा पहिला धडाच भाकिताच्या मर्यादेचा आहे त्यात एक चूक हा गुन्हा धरावयाचा तर १३ वर्षांचे यश हाच खरा चमत्कार धरावा लागेल. ती मर्यादा तीन वर्षांनी पुन्हा दिसली: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम ७३. आमच्याकडे कामवारी नदी त्या रात्री पात्र सोडून गल्ल्यांत आली आणि बीमवर चढवलेले सूत चिखलात गेले.

लोकांस शास्त्र सांगण्याचे काम १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद करीत आली आहे. तिच्याच विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाची कृष्णविवरावरची कथा पहिली आली आणि ते जगताप म्हणजे आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केलेले जयंत विष्णू नारळीकर निघाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. खगोलशास्त्राचे भाग्य असे की आकाश सर्वांच्या डोक्यावर असते. गोंधळशास्त्रास तसा देखणा यजमान नाही. पण त्याची उणीव भरून काढणारी एक सोय त्यात आहे, की येथे समजावून सांगण्याचा प्रयोग आणि शोधाचा प्रयोग हे एकच असतात. दुर्बिणीतून दिसलेले मुलास दाखवता येते, त्याच्याकडून शोधवून घेता येत नाही. कापरेकरांची वजाबाकी मात्र मूल स्वतः करते, आणि करता करता शास्त्रज्ञ जेथे अडखळला तेथेच अडखळते.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांमागे भिवंडीतल्या एका शाळेत पावसामुळे अर्धा वर्ग रिकामा होता म्हणून मी ठरलेला धडा सोडून मुलांना ६१७४ चा खेळ दिला. सर्वांची पाटी एकाच आकड्यावर आली तेव्हा नेहमीप्रमाणे गलका झाला. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याचे वडील मागांची देखरेख करणारे जॉबर होते, तो दुसऱ्या दिवशी तागा पाठवण्याच्या पावतीची पाठकोरी बाजू आकड्यांनी भरून घेऊन आला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, “सर, पाच आकडी घेतली तर हे थांबतच नाही.” कागदावर ५३९५५, खाली ५९९९४, खाली पुन्हा ५३९५५, पुन्हा ५९९९४, असे त्याने कंटाळा येईपर्यंत लिहिले होते. मी म्हणालो, “बरोबर आहे, दोघांत फिरत राहणार ते.” तो म्हणाला, “पण सर, भावाने दुसरी घेतली, ती या दोघांत आलीच नाही. ती चारांत फिरते.” आणि पावती उलटून त्याने दाखवले: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, पुन्हा ६१९७४.

पाच अंकांत असे तीन फेरे आहेत. दोन त्याच्या घरात एका रात्रीत सापडले होते. तिसरा आहे हे मी त्यास सांगितले नाही. त्याने विचारले, “सहा आकडी घेऊ का?” मी घे म्हणालो. त्याने पावती घडी करून खिशात घातली, आणि घंटा होण्याची वाट न पाहता दुसऱ्या कागदाच्या शोधात दप्तर उपसू लागला.